तरफेच्या तारा

“ज्यानं हे लिहिलं, त्याला लाज वाटायला हवी होती!”

अनुराज मगदूमनं खुर्ची मागे ढकलली आणि हे वाक्य खोलीभर भिरकावलं. कुणावर, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मिरजेतल्या एका रक्तपेढीची ती संगणकखोली. खोलीत दुसरं माणूस एकच. दस्तगीर सर.

पेढीचा सगळा डेटाबेस सरांच्या हाताखाली वाढला होता. समोरच्या गल्लीत त्यांच्या भावाचं सतारीचं दुकान होतं. नव्या तारा चढवलेली सतार भाऊ जेवणाच्या सुट्टीत सरांकडे पाठवून द्यायचा. नव्या तारा पुन्हापुन्हा उतरतात. त्यांना धीर लागतो, आणि धीर भावाकडे नव्हता.

आताही सरांच्या मांडीवर सतार होती.

“काय लिहिलंय?” त्यांनी खुंटीवरची नजर न काढता विचारलं.

“काय नाही लिहिलंय ते विचारा! सकाळी मी रक्तदात्यांच्या टेबलात एक रकाना वाढवला. फक्त एक. अडीनडीला रात्री-अपरात्री फोन केला तर चालेल का, एवढंच विचारणारा. चांगलंच काम ना? आणि हे बघा...”

पडद्यावर यादी होती. लांबच लांब. त्या टेबलाच्या आधारानं चालणारे लहानमोठे प्रोग्राम, आणि प्रत्येकाच्या नावापुढे एकच शेरा: इनव्हॅलिड. डेटाबेसनं सगळ्यांना एकगठ्ठा अमान्य ठरवलं होतं.

“शिबिर उरकल्यावर, सोमवारी कर म्हटलं होतं मी,” सर म्हणाले.

“चांगल्या कामाला सोमवार कशाला लागतो? एका रकान्यानं कोसळायला हा काय पत्त्यांचा बंगला आहे?”

“लिहिणाऱ्याचं नाव पाहिलंस?”

सरांचा तो दंडकच होता. जो प्रोग्राम लिहील, त्यानं पहिल्या ओळीत स्वतःचं नाव घालायचं. अनुराजला हे फार जुनाट वाटे.

“नाव बघून काय करू, आरती ओवाळू? हे सगळं मेलंय, सर. मी यादीच्या यादी उडवतो आणि आठवड्यात नवं लिहून देतो. स्वच्छ, शास्त्रशुद्ध.”

उडवण्याच्या आज्ञा त्यानं लिहूनही ठेवल्या होत्या. एंटर दाबायचं तेवढं बाकी होतं.

दार उघडलं. मार्था सिस्टर आत आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“काय ओ मगदूम, लेबल निघंना झालंय. चारला शिबिर आहे. लेबल लागल्याशिवाय एक पिशवी घेता येत नाही मला.”

“सिस्टर, आज शिबिर रद्द करावं लागेल.”

“रद्द? खाली येऊन बघा जरा. कॉलेजची पोरं येऊन बसलीत. वर्षभर मागं लागून आणलीत मी. आज एकदा माघारी गेली, की पुन्हा उंबरा चढतील होय?”

आठवड्यात सगळं नवं लिहिण्याची भाषा करणाऱ्याला चारपर्यंत काय करायचं ते माहीत नव्हतं.

सर म्हणाले, “बसा सिस्टर. तूही बस, अनुराज. ऐक.”

त्यांनी सतारीची वरची एक तार छेडली. ती वाजली आणि तिच्या खालून, कुणी हात न लावलेल्या बारीक तारा आपोआप गुणगुणल्या. खोली भरून गेली.

“या खालच्या तरफेच्या तारा. यांना कुणी वाजवत नाही. वरचा सूर जुळला की त्या आपणहून बोलतात.”

मग त्यांनी वरच्या तारेची खुंटी किंचित पिळली. पुन्हा छेडली.

आवाज आला, पण कोरडा. खालच्या तारा मुक्या.

सरांनी खणातून पक्कड काढली आणि अनुराजच्या हातात दिली.

“तोड.”

“काय?”

“तरफा. सगळ्या मेल्यात. तोड आणि आठवड्यात नव्या लाव. शास्त्रशुद्ध.”

“अहो, पण त्यांचा काय दोष? सूर तर तुम्ही हलवलात वरचा! त्या होत्या तिथंच आहेत, त्यांना नुसतं पुन्हा...”

अनुराज थांबला.

हातातल्या पकडीकडे बघत राहिला...

सर पुन्हा खुंटीकडे वळले होते.

अनुराजनं पक्कड हळूच टेबलावर ठेवली. लिहून ठेवलेल्या आज्ञा पुसल्या. यादीतल्या पहिल्या नावापासून एकेकाला पुन्हा कंपाइल करायला लागला. म्हणजे बदललेल्या टेबलाशी प्रत्येकाला नव्यानं ताडून पाहायचं. जुळला, की शेरा जातो.

शेरे जाऊ लागले.

“जातायत!” तो ओरडला. “सर, जातायत! काहीच मोडलेलं नव्हतं!”

पण गेलेले काही शेरे परत आले. एकाला उठवावं, तर आधी उठलेले दोघे पुन्हा आडवे. अनुराज वरून खाली, खालून वर धावू लागला.

“कसल्या क्रमानं चाललायस?” सरांनी विचारलं.

“अ, आ, इ, ई.”

“तारा जुळवताना बाराखडी म्हणतोस?”

सिस्टर फिस्सकन हसल्या.

अनुराज ओशाळला, पण आता त्याला गंमतही वाटू लागली होती. कोण कुणाच्या खांद्यावर उभा आहे, ते त्यानं डेटाबेसलाच विचारलं. आधी तळातले घेतले, मग त्यांच्यावरचे, मग त्यांच्यावरचे. या वेळी उठलेला कुणी परत पडला नाही. पडदा भराभर मोकळा होत गेला. दहीहंडीच्या मनोऱ्यावर पोरं चढावीत तसे ते चढत होते, आणि अनुराज प्रत्येकाला “हाऽऽ शाब्बास” म्हणत होता.

मग सगळं अडलं.

मूठभर नावं उरली. लेबल छापणारा प्रोग्राम त्यांतच. आणि ते सगळे ज्या एकाच्या खांद्यावर उभे होते, तो काही केल्या उठेना.

“हा खरा बिघडलेला आहे,” अनुराज म्हणाला. “हा गठ्ठ्यातला नाही. काय गाढवपणा आहे बघा सर! टेबलात माहिती भरतोय, पण कुठली माहिती कुठल्या रकान्यात, ते सांगतच नाही. नुसती ओळीनं ओततोय. रकाना वाढला, माहिती कमी पडली, संपलं. शाळकरी पोरगंसुद्धा असं लिहिणार नाही!”

“पहिली ओळ वाच,” सर म्हणाले. “मोठ्यानं.”

अनुराजनं पडदा वर सरकवला.

वाचायला तोंड उघडलं...

मिटलं.

“आम्हालाही कळू दे की,” सिस्टर म्हणाल्या.

“लेखक...” त्यानं ओळीवर बोट ठेवलं. “लेखक, अनुराज मगदूम. गेल्या महिन्यात.”

पहिल्यांदा हसू फुटलं ते अनुराजलाच. मग सिस्टरना. हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. सर तेवढे हसले नाहीत. मान खाली घालून खुंटी पिळत राहिले, पण त्यांचे खांदे हलत होते.

अनुराजनं रकान्यांची नावं एकेक करून लिहिली. वाढवलेल्या रकान्याचंही. कंपाइल केलं. शेरा गेला.

वर उभे राहणारे मूठभर मात्र अजून इनव्हॅलिडच होते. तो त्यांच्याकडे वळणार, तेवढ्यात सरांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“राहू दे.”

“अजून अमान्य आहेत, सर. लेबलवाला त्यातच आहे.”

“सिस्टर, खाली फोन करा. लेबल काढायला सांगा.”

“अहो, निघणार नाही!” अनुराज म्हणाला.

सिस्टरनी फोन लावला. “शकू, काढ गं एक.”

क्षणभर काही नाही...

मग फोनमधून प्रिंटरची करकर ऐकू आली आणि पाठोपाठ पोरांची आरोळी.

अनुराजनं यादी पुन्हा मागवली. लेबल छापणाऱ्याच्या नावापुढचा शेरा गेला होता. फोनवर करकर चालूच होती. त्यानं पुन्हा मागवली, आणखी एक गेला. काम सांगितलं, की डेटाबेसच त्यांना नव्यानं ताडून घेत होता आणि ते एकेक करून आपणहून उठत होते. शेवटी यादी कोरी झाली.

सरांनी तार छेडली. खालच्या सगळ्या तरफा एकदम झंकारल्या.

“पण सर,” अनुराज पडद्याकडे बोट दाखवत पुटपुटला, “यांना तर मी हातही लावला नाही.”

“म्हणून तर शिल्लक राहिले.”

अनुराज कानाच्या पाळ्यांपर्यंत लालबुंद झाला. लाजेनं की आनंदानं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

दाराशी पोचलेल्या मार्था सिस्टरनी मागे वळून त्याला न्याहाळलं.

“मगदूमसाहेब, तोंडावर चढलेलं एवढं रक्त वाया कशाला घालवता? चला खाली, बाही वर करा.”