दिवाणजींची पिशवी

राजे मानाजीरावांची योजना अमलात आली आणि खडकपूरचा बाजार ओस पडला!

तसा बुधवारचा तो बाजार बरा चालायचा. पण राजांना तो पंचक्रोशीत पहिला हवा होता. दिवाण त्रिंबकपंतांनी पावसाळाभर डोकं खाजवून एक भलीथोरली योजना रचली. पहिलंच कलम असं, की दिवाणांनी बाजारात पहाटे जातीनं हिंडून प्रत्येक मालाचा भाव विचारावा, म्हणजे रयतेची लुबाडणूक व्हायची नाही. मग पताका, सनई, झुलीचा हत्ती. पंत इमानेइतबारे भाव विचारत हिंडले, हत्तीही झुलला, आणि विकणारे पाट्या उचलून होडीनं नदीपलीकडच्या बाजारात गेले.

पंत म्हणाले, आता वेशीवर कमान तेवढी उभारायची राहिलीय. कमानीला जागा ठरली बाजाबा माळ्याचा मळा. झालं! बाजाबानं डोक्याला हात लावला. त्याची लेक सगुणा मात्र पदर खोचून थेट दरबारात गेली. भीती वाटत नव्हती असं नाही. पण वांग्यांना नुकती फुलं धरली होती हो! तिनं सांगून टाकलं, कमानीवाचून बाजार भरवून दाखवते.

राजांना गंमत वाटली. त्यांनी अटी घातल्या: येत्या बुधवारी बाजार भरला पाहिजे, खजिन्यातून छदाम मिळणार नाही, कुणाला दटावून आणायचं नाही. हरलीस तर मळा गेला आणि कमानीचे दगडही तूच वाहायचे.

"चालेल," सगुणा म्हणाली. "फक्त दिवाणजींनी येताना पिशवी आणावी. ज्याला भाव विचारतील, त्याच्याकडून काहीतरी घ्यावं. पैसे त्यांच्या कनवटीचे."

पंत हसले. म्हणाले, एवढंच ना?

सगुणा तडक घाटावर गेली आणि विकणाऱ्यांना सांगत सुटली, की बुधवारी खुद्द दिवाणजी भवानी करणार. कुणाचा विश्वास बसेना. तरी थोडेजण आले, निदान तमाशा तरी बघू म्हणून.

बुधवारी पहाटे पंत हजर. सवयीनं विचारून बसले, वांगी कशी दिली? सगुणेनं पिशवीत वांगी ओतली. पुढे लसूण. पुढे केरसुणी, ती काखेत मारली. पंतांनी ओठ घट्ट मिटले, पण इतक्या बुधवारांची खोड ती, जाते कुठे? पाहिली वस्तू की विचारलाच भाव! मडकं आलं, दोरखंड आलं, पंख फडफडवणारी कोंबडी आली आणि शेवटी एक दांडगा बोकड. तो पंतांनाच ओढत निघाला.

ही बातमी नदीवर पोचायला कितीसा वेळ! मधोमध गेलेल्या होड्या माघारी वळल्या. दिवाणजी, आमचाही भाव विचारा की, म्हणत जो तो पंतांच्या पुढे पाटी मांडू लागला. दिवाणांची ती वरात बघायला सगळं खडकपूर लोटलं, आणि आलेली माणसं रिकाम्या हातानं थोडीच परततात! दुपारी हत्तीला उभं राहायला जागा उरली नाही.

राजे आले आणि बघतच राहिले. त्यांनी विचारलं, "पोरी, आमच्या योजनेतलं कुठलं कलम तू बदललंस?"

"एकही नाही, महाराज. पहिलंच कलम पुरं केलं," सगुणा म्हणाली. "पहाटेचं पहिलं गिऱ्हाईक भाव विचारून तसंच गेलं, की भवानी बिघडली, दिवस वाया गेला असं आम्ही मानतो. दिवाणजी दर बुधवारी पहिले यायचे, सगळ्यांना विचारायचे आणि हात हलवत जायचे. तोंडावर सांगणार कोण? म्हणून त्यांच्या हातात पिशवी दिली."

पंतांचा चेहरा वांग्यासारखा झाला. राजे मात्र पोट धरधरून हसले. कमान तिथल्या तिथे रद्द झाली, मळा बाजाबाला कायमचा बिनसाऱ्याचा मिळाला आणि बाजाराचा सगळा कारभार सगुणेच्या हाती आला.

बोकडाशी झटापट करत पंत काकुळतीनं म्हणाले, "महाराज, निदान हा बोकड तरी आपण घ्यावा. भाव..."

"छे छे, पंत," राजे डोळे पुसत मागे सरले, "भाव आम्ही विचारतच नाही!"