जिन्यातला दिवा आणि चिकटपट्टीखालचं बटण

दिवे मोबाइलच्या हुकमाने पेटू लागले, तेव्हाची गोष्ट. जिन्यातला दिवा कुणी चुकून बंद करू नये म्हणून घरच्यांनी त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली होती.

एकदा तिन्हीसांजेला वीज जाऊन परत आली, पण हुकूम काही येईना. दिव्याची पाचावर धारण बसली. वरून घरातल्या इंदूताई भिंत चाचपडत उतरत होत्या आणि तिसरी पायरी तुटकी होती.

"अरे, पेट की!" बटण कळवळलं.

"हुकमाशिवाय? मला भीती वाटते!"

इतक्यात इंदूताईंच्या हाताला चिकटपट्टी लागली. त्यांनी ती ओरबाडून काढली आणि बटण खटखट बंद-चालू केलं. दिवा उजळला. त्यांचं पाऊल तुटक्या पायरीवर अधांतरी होतं.

दिवा म्हणाला, "हुकूम कुणी दिला?"

"अंधार मघापासून देतच होता," बटण म्हणालं.