तिळू मुंगी आणि मुका स्पीकर

तिळाएवढी एक मुंगी. नाव तिचं तिळू.
फरशीच्या फटीत तिचं घर. घरात तिची धाकटी बहीण. ती त्याहून बारीक. तिचं नाव खसखस.

रोज दुपारी काय व्हायचं?
आतल्या खोलीतला स्पीकर गायचा, "झूल झूल झोळी, साखरेची गोळी."
झोळीतली गार्गी झोपायची. मग आई खाली बसायची. नानकटाई मोडायची, कट्ट! एक कण पडायचा, टप्प!
तो कण तिळूचा. अर्धा तिळूला, अर्धा खसखसला.

आज दुपार झाली. आणि स्पीकर गप्प!
"ट्यांहां! ट्यांहां!" गार्गी रडायला लागली.
आई तिला कडेवर घेऊन फिरायला लागली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. नानकटाई बशीत तशीच.
फटीतून खसखस म्हणाली, "ताई, भूक!"

गंमत बघा. हॉलमधला स्पीकर गात होता. स्वयंपाकघरातला स्पीकर गात होता. कढईला अंगाई, सोफ्याला अंगाई! जिला झोपायचं, तिच्या खोलीतला तेवढा मुका.
बाबा हॉलमध्ये उभे. हातात फोन. स्पीकर बंद करायचे, चालू करायचे. बंद करायचे, चालू करायचे.
"आता?" बाबा ओरडायचे.
"नाही!" आई ओरडायची.
"ट्यांहां!" गार्गी ओरडायची.

तिळू म्हणाली, "थांब गं खसखस. मीच जाते."
तुरुतुरु, तुरुतुरु. तिळू गेली स्पीकरकडे. भिंतीवर चढली, सरसर सरसर.

"स्पीकरदादा, स्पीकरदादा, गा ना!
गार्गी झोपत नाही,
आई बसत नाही,
नानकटाई मोडत नाही,
माझा कण काही पडत नाही!"

स्पीकरचा लाल दिवा लुकलुकला. लुक लुक.
"मी नाही गाणार. मला निरोपच आला नाही. राउटर बोलला, तर मी गाईन."

राउटर म्हणजे कोण? हॉलमधल्या फळीवर बसतो ना, दोन शिंगांचा, तो. तो हवेतून निरोप धाडतो. मग स्पीकर गातात.
तुरुतुरु, तुरुतुरु. तिळू गेली राउटरकडे. फळीवर चढली, सरसर सरसर.

"राउटरकाका, राउटरकाका, बोला ना!
स्पीकर गात नाही,
गार्गी झोपत नाही,
आई बसत नाही,
नानकटाई मोडत नाही,
माझा कण काही पडत नाही!"

राउटर म्हणाला, "मी कधीचा बोलतोय! बोलून बोलून घसा बसला. पण समोर हा डबा. आतल्या खोलीपर्यंत निरोप जातच नाही. आता त्या खोलीशी मी नाही बोलणार. डबा सरकला, तर मी बोलेन."

तिळूनं पाहिलं. खरंच की! राउटरच्या नाकासमोर डबा. मोठ्ठा, स्टीलचा, चकचकीत. आत पाहुण्यांसाठी केलेला चिवडा. आजोबांना दिसू नये, म्हणून आईनंच तो सकाळी वर ठेवला होता. ठेवला तो नेमका राउटरसमोर!
"आता?" बाबा ओरडले.
"नाही!" आई ओरडली.

"डबेराव, डबेराव, सरका ना!
राउटर बोलत नाही,
स्पीकर गात नाही,
गार्गी झोपत नाही,
आई बसत नाही,
नानकटाई मोडत नाही,
माझा कण काही पडत नाही!"

डबा वाजला, ठण्ण!
"मी नाही सरकणार. मला कुठे पाय आहेत? आजोबा उठले, तर मी सरकेन."

तिळूनं कपाळाला पाय लावला. पण फटीत खसखस होती, आणि खसखसला भूक होती. मग काय करणार? उतरली खाली.
तुरुतुरु, तुरुतुरु. तिळू गेली आजोबांकडे. आरामखुर्चीवर चढली, सरसर सरसर. आजोबांच्या कानापाशी गेली.

"आजोबा, आजोबा, उठा ना!
डबा सरकत नाही,
राउटर बोलत नाही,
स्पीकर गात नाही,
गार्गी झोपत नाही,
आई बसत नाही,
नानकटाई मोडत नाही,
माझा कण काही पडत नाही!"

आजोबांनी कान खाजवला.
"मी नाही उठणार. डोळ्यांवर चष्मा नाही. उठेन आणि धडपडेन. चष्मा सापडला, तर मी उठेन."

"ताई, भूक!" फटीतून आवाज आला. मघापेक्षा बारीक.
तिळूला रडूच आलं. पण रडायला वेळ कुठे होता?
तुरुतुरु, तुरुतुरु. टेबलावर बघितलं, चष्मा नाही. टीव्हीमागे बघितलं, चष्मा नाही. मग दिवाणावर चढली, सरसर सरसर. दिवाणावर लोणी मांजर झोपलेलं. आणि लोणीच्या पोटाखालून चष्म्याची एक काडी बाहेर!

"चष्मेबुवा, चष्मेबुवा, सापडा ना!
आजोबा उठत नाहीत,
डबा सरकत नाही,
राउटर बोलत नाही,
स्पीकर गात नाही,
गार्गी झोपत नाही,
आई बसत नाही,
नानकटाई मोडत नाही,
माझा कण काही पडत नाही!"

पोटाखालून आवाज आला, अगदी दबलेला.
"मी नाही सापडणार. अंगावर एवढं मोठं मांजर! लोणी हलली, तर मी सापडेन."

हद्द झाली! तिळूच्या मिशा थरथरल्या. तिनं सहाच्या सहा पाय आपटले. टप टप टप, टप टप टप. कोणालाच ऐकू आलं नाही.
"आता?" बाबा ओरडले.
"नाही म्हटलं ना!" आई ओरडली.
"ट्यांहां! ट्यांहां! ट्यांहां!"

तिळू लोणीच्या नाकासमोर उभी राहिली.

"लोणीमावशी, लोणीमावशी, हल ना!
चष्मा सापडत नाही,
आजोबा उठत नाहीत,
डबा सरकत नाही,
राउटर बोलत नाही,
स्पीकर गात नाही,
गार्गी झोपत नाही,
आई बसत नाही,
नानकटाई मोडत नाही,
माझा कण काही पडत नाही!"

लोणीनं एक डोळा उघडला. घुर्र घुर्र.
"मी नाही हलणार. इथे किती छान ऊन आहे! ऊन गेलं, तर मी हलेन."
आणि डोळा मिटला.

तिळूनं खिडकीकडे पाहिलं. ऊन कुठे, तिळू कुठे! उन्हाला सांगायला जायचं तरी कसं? ऊन जाणार संध्याकाळी. आणि खसखसला भूक लागली आत्ता!
"ताई..." फटीतून आवाज आला. पुढचं ऐकूच आलं नाही.

तिळू म्हणाली, "पुरे झालं! आता मी कोणाला विचारणार नाही, आणि कोणाला सांगणार नाही."
तुरुतुरु, तुरुतुरु. ती गेली लोणीच्या शेपटीकडे. तोंड उघडलं. आणि कडकडून चावली.
कच्च!

"म्यांऽऽव!"
लोणी हलली. हलली कसली, उडालीच!
चष्मा सापडला, खळ्ळ! थेट आजोबांच्या पायांशी पडला.
आजोबांनी तो डोळ्यांवर चढवला. वर पाहिलं. "अरेच्चा! चिवडा! आणि मला सांगतात, संपला!"
आजोबा उठले, टुणकन.
त्यांनी फळीवरचा डबा उचलला आणि परत खुर्चीत बसून मांडीवर घेतला.
डबा सरकला, ठण्ण!
राउटर बोलला, सुईंऽऽ!
स्पीकर गायला, "झूल झूल झोळी, साखरेची गोळी."
गार्गीनं एक जांभई दिली. मग दुसरी. गार्गी झोपली.
आई बसली, हुश्श!
नानकटाई मोडली, कट्ट!
एक तुकडा आईनं तोंडात टाकला. दुसरा हातातच राहिला, कारण बसल्या बसल्या आईचे डोळे मिटायला लागले. हात सैल झाला. आणि अर्धी नानकटाई खाली पडली.
धप्प! अगदी तिळूच्या समोर.

"आता?" बाबा हॉलमधून ओरडले.
"श्श्श!" आई डोळे न उघडताच म्हणाली.

बाबा चवड्यांवर आले. दारातून डोकावले. खूश झाले.
"बघितलंस? मी म्हणत होतो ना, बंद करून चालू केलं की होतं!"

बंद करून चालू केलं म्हणे!
तिळूनं बाबांकडे पाहिलं. खूप काही बोलावंसं वाटलं तिला. मनात आलं, बाबांच्या अंगठ्यालाही एकदा चावावं. पण तोंडात नानकटाई होती. तिळूनं ती ओढली. हुं... हुं... हुं... फटीपर्यंत.

खसखस फटीच्या तोंडाशी बसली होती. नानकटाई बघून तिचे डोळे गोल झाले.
"ताई, एवढा उशीर का केलास?"

तिळूनं मोठ्ठा श्वास घेतला.
"अगं काय सांगू! लोणी हलत नव्हती, चष्मा सापडत नव्हता, आजोबा उठत नव्हते, डबा सरकत नव्हता, राउटर बोलत नव्हता..."

पण खसखस ऐकते कुठे? तिचं तोंड कधीच नानकटाईनं भरलं होतं. दोन्ही गाल फुगले होते. कुट्टुम कुट्टुम.
तिळू बघत राहिली. मग तिचा राग गेला. तीही शेजारी बसली आणि खायला लागली. कुट्टुम कुट्टुम.

नानकटाई पोटात. गार्गी झोळीत. तुम्ही कुशीत.
आणि आता कोणी "आता?" म्हणून ओरडायचं नाही.
श्श्श!