कापराची परतवाट

एक होता राजा. फार मोठा नव्हता, बरं का. डोंगरापाठचा, चार गावांचा. त्याला एकच लेक, इंदुली. ती सहा वर्षांची असताना राणी देवाघरी गेली. मागे राहिली आईची पितळी पेटी. तिच्यात आईची लुगडी आणि कापराची वडी. पेटी उघडली की आईचा वास यायचा. तो घेतला की मगच इंदुली झोपायची.

एकदा काय झालं, कापराजवळ तिला चार मिरे दिसले. आईच्या पेटीत स्वयंपाकघरातले मिरे कशाला? तिने ते वेचून फेकून दिले. मग कापूर लागला झिजायला. रोज पेटी उघडावी, रोज तो कमी. एक दिवस बघते तर उरला हरभऱ्याएवढा.

इंदुलीची झोप गेली. राजा घाबरला. त्याने दिनकरशास्त्र्यांना बोलावलं. शास्त्रीबुवांनी पोथी पाहून सांगितलं, याला संप्लवन म्हणतात. कापूर पातळ होत नाही, थेट हवा होतो.

इंदुलीने विचारलं, "आणि परत येतो त्याला काय म्हणतात?"

शास्त्रीबुवांनी पान उलटलं. पुढचं पान कसरीने खाल्लेलं.

दारात स्वयंपाकघरातली तुळसाक्का उभी होती. ती म्हणाली, "बुवा, तुम्ही नुसता जाण्याचा शब्द आणलात. आमच्यात पाहुणासुद्धा 'येतो' म्हणून निघतो."

मग तिने इंदुलीला चुलीपाशी नेलं. आधी दाखवलं तूप. उबेला ठेवलं, वितळलं. सावलीत ठेवलं, थिजलं. मग दाखवलं पाणी. उकळलं, वाफ झाली. वर थंड ताट धरलं, तर ताटाखाली थेंबच थेंब. शास्त्रीबुवा मागून हळूच म्हणाले, हे बाष्पीभवन आणि हे संघनन. आक्का म्हणाली, असेल.

मग आली पेटी. आक्काने ती कोमट राखेवर ठेवली. झाकणावर ओलं फडकं टाकलं. म्हणाली, तीन दिवस उघडायची नाही.

तीन दिवस आईचा वास नाही. पहिल्या दिवशी इंदुली पेटीजवळ बसली. दुसऱ्या दिवशी तिचा हात कडीवर गेला. आक्काने तो आपल्या हातात घेतला, तशीच बसून राहिली. तिसऱ्या दिवशी आक्का म्हणाली, आता उघड.

झाकणाच्या आतून पांढरे कण चमकत होते. थंडीत गवतावर पांढरं हिव धरावं तसे. लुगड्यांत लपलेला कापूर वर येऊन बसला होता.

शास्त्रीबुवांना एकदम आठवलं. निक्षेपण! आक्का म्हणाली, आम्ही म्हणतो कापूर धरला. इंदुली म्हणाली, दोन्ही लिहा. शास्त्रीबुवांनी नव्या पानावर दोन्ही लिहिले.

मग इंदुलीने हळूच विचारलं, "आक्का, आईचा परत यायचा शब्द कुठला?"

 आक्काने पेटीतून आईचं लुगडं काढून इंदुलीच्या अंगावर घातलं.

"तो मला ठाऊक नाही गं, बाळा. पण वास येतोय ना?"

इंदुलीने मान हलवली. आणि लुगड्यात तोंड खुपसून तिथेच झोपली. आक्काने सगळा कापूर खरवडून पुडीत बांधला, तो उडू नये म्हणून चार मिरे टाकले आणि पेटी लावली. पुढे राजा, इंदुली, आक्का, शास्त्रीबुवा, सगळे सुखात राहिले.

आता तुम्हीही डोळ्यांची झाकणं लावा. मधेच उघडून बघायचं नाही, बरं का. सकाळी काय धरलंय ते बघू.