सुंदर मरणाची कविता

“...म्हणजे ते कवी खोटं बोलले?” हरिहर पाटणकरनं विचारलं आणि तो खाली बसला.

टेकडीवरच्या झोपडीबाहेर सोनगिरी गोसावी दुपारच्या उन्हात जोंधळे निवडत होता. खाली शहरात प्लेग होता. निम्म्या घरांना कुलपं लागली होती आणि लोक माळावर झोपड्या घालून राहिले होते.

“कोन कवी?”

“इंग्रज. त्यातले कितीतरी ऐन तारुण्यात गेले. ते म्हणतात, मरण सुंदर असतं. आणि जे सुंदर, ते खोटं असूच शकत नाही!”

हरिहर कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता, इंग्रजी काव्यात पहिला. गेल्याच महिन्यात इथे उभं राहून त्यानं त्यांच्यातल्या एकाची मरणावरची कविता गोसाव्याला म्हणून दाखवली होती आणि वर सुनावलं होतं, की तुम्ही राख फासून मरण ओंगळ करून ठेवलंय, ते बघावं कसं हे त्या कवींकडून शिका. गोसावी नुसता हसला होता. आज त्याच शहाण्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“मंग आज काय झालं?”

 हरिहरनं सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या आणि डावा हात वर केला.

काखेत गाठ होती. सुपारीएवढी.

“सकाळी हाताला लागली. आईला सांगितलं नाही. कळलं तर ती मला कवटाळून बसेल, आणि मग तिलाही... अंगात कणकण आहे. बाबा, ही तीच का?”

“न्हाई ठावं.”

“नीट बघा तरी!”

गोसाव्यानं सूप बाजूला सारलं, जवळ सरकला आणि सरळ त्या गाठीवर तळहात ठेवला.

हरिहर दचकला. सकाळपासून त्याला स्वतःलाही तिथे पुन्हा हात लावायचा धीर झाला नव्हता.

“काढा हात! लागण होईल तुम्हाला.”

हात हलला नाही.

“ती कविता म्हन.”

“आत्ता?”

“आत्ता.”

याच कवितेवर त्यानं बक्षीस मिळवलं होतं. झोपेतून उठवलं असतं तरी घडाघडा म्हणाला असता. पण दुसऱ्या ओळीला आवाज चिरकला आणि तिसरीला बंदच पडला. दात वाजायला लागले. आपण मरणार, उद्या नाहीतर परवा, हे लख्ख दिसलं.

“बाबा... मला मरायचं नाही.”

“ह्ये त्या कवीनं कुटं लिवलंय का?”

“छे, तो तर...”

हरिहर थांबला. त्यानं त्याच ओळी ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटल्या. पाखरू, वेल, पिकलेलं फळ... कायमचं निघालेल्या माणसानं घरभर फिरून एकेका वस्तूला हात लावावा, तसं चाललं होतं त्या कवीचं. इतकी वर्षं पाठ करून हे आपल्याला दिसलं कसं नाही?

“लिहिलंय,” तो म्हणाला. त्याला रडू आवरेना. “ओळीओळीत लिहिलंय.”

खाली माळावर कुण्या बाईनं हंबरडा फोडला. दोघांनीही ऐकला. हरिहरनं गोसाव्याचं मनगट घट्ट धरलं.

“मंग म्हन आता,” गोसावी म्हणाला. “मी हात काडत न्हाई.”