रुमालाखालचा हात

एकदा एक दिवस असा उगवला, की त्याला ऊनही म्हणवेना आणि सावलीही म्हणवेना. आभाळ झाकोळलेले, वारा पडलेला, कडुनिंबाचे पानसुद्धा हलत नव्हते. अशा दिवशी माणसाचे मनही जागच्या जागी घुसमटते. त्या सकाळी एक वृद्ध गृहस्थ अंगणात बाजेवर बसले होते. शाळेचे तोंड त्यांनी कधी पाहिले नव्हते. सारा जन्म बैलबाजारात, दोघांचे सौदे जुळवून देण्यात गेला. गाव त्यांना आबा म्हणे.

शेजारच्या निवृत्तीची मुलगी ऋतुजा सुट्टीला घरी आली होती. गावातून विद्यापीठात गेलेली ती पहिलीच मुलगी. अर्थशास्त्र शिकत होती. ती येऊन आबांच्या पायाशी बसली आणि हळूच म्हणाली, "आबा, मी विषय सोडतेय. बाबांना अजून सांगितलं नाही."

"का गं?"

"आलेख कळत नाहीत. मागणीची एक रेषा, पुरवठ्याची एक. पाठ करून हुबेहूब काढते. पण सरांनी फळ्यापाशी बोलावलं आणि विचारलं, मागणी वाढली तर काय होईल? मी दोन्ही रेषा हलवल्या. सगळा वर्ग हसला. सुट्टी संपली की पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तोच फळा."

आबा घाईने बोलणारे नव्हते. त्यांनी तिच्या हाती एक काटकी दिली. "काढ बघू."

तिने मातीत दोन रेघा ओढल्या. एक वरून उतरत येणारी, ती घेणाऱ्यांची. एक खालून चढत जाणारी, ती विकणाऱ्यांची. त्या जिथे छेदल्या तिथे टिंब दिले. "वर गेलं की भाव वाढतो, उजवीकडे गेलं की माल वाढतो. टिंब आहे तिथे सौदा ठरला."

आबांनी खांद्यावरचे उपरणे काढले आणि त्या आकृतीवर पसरले.

"आबा! झाकलंत की. आता काय दिसणार?"

"उघडं होतं तेव्हा तरी काय दिसत होतं?" आबा म्हणाले आणि कुंपणापलीकडे हाक मारली, "निवृत्ती, ये रे जरा. तुझ्या बैलाला गिऱ्हाईक आलंय."

बैलबाजाराची जुनी रीत अशी, की भाव तोंडाने बोलायचा नाही. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात घालतात आणि बोटे दाबून बोलतात. बघ्यांना दिसतो तो फक्त हलणारा रुमाल.

गिऱ्हाईक कोण ते कळल्यावर निवृत्तीला हसू आले. "आबा, बाईमाणसानं कधी रुमालाखाली हात घातलाय?"

"बाईमाणूस आपल्या गावातून विद्यापीठात तरी कधी गेलं होतं? बस खाली."

आबांनी मुलीला बोटांच्या खुणा सांगितल्या आणि बापलेकींचे हात उपरण्याखाली गेले. बोटे अडखळली, पुन्हा बोलू लागली आणि अखेर एका बैलावर सौदा जुळला. तेव्हा आबा ऋतुजाच्या कानाशी वाकले. "पेरणी तोंडावर आलीय. आता तुला एक नाही, जोडी हवी. बापाला कळू द्यायचं नाही."

उपरणे पुन्हा हलले. निवृत्तीच्या भुवया वर गेल्या. "एवढा भाव देतेस? मग पांढऱ्या बैलालाही ने. त्याला खरं तर घरी ठेवणार होतो."

"आता सांग," आबा म्हणाले, "बदललं कोण?"

"मी. गरज माझी वाढली."

"आणि बाप?"

तिने दोन्ही सौदे बोटांवर पुन्हा मोजले. "बाबा आहेत तसेच आहेत. भाव चढला म्हणून दुसराही द्यायला तयार झाले... म्हणजे ते आपल्याच रेषेवरून वर चढले! रेषा नाही हलली!"

तिने उपरणे ओढून काढले. घेणाऱ्यांची रेघ पुसून उजवीकडे नव्याने ओढली, दुसरीला हात लावला नाही. नवे टिंब वर गेले, पुढेही गेले.

"हे काय काढलंस?" निवृत्तीने विचारले.

तिने काटकी चढत्या रेघेवर टेकवली. "हे तुम्ही, बाबा."

निवृत्ती त्या रेघेकडे पाहतच राहिला. "एवढा सरळ आहे होय मी?"

"बैल विकताना नाहीस," आबा म्हणाले. मग ते मुलीकडे वळले. "लेकी, तुझ्या रेघा मला कळत नाहीत, कळणारही नाहीत. पण एवढं माहीत आहे, की बघ्याला रुमाल दिसतो आणि सौदा हातात असतो. तू आजवर रुमालच पाठ करत होतीस. रेघ हलवायच्या आधी विचारावं, हिच्याखाली हात कोणाचा? ज्याचं मन बदललं, त्याचीच रेघ हलव. दुसऱ्याला उगा ओढू नकोस."

विषय सोडण्याचे नाव तिने पुन्हा काढले नाही.

सुट्टी संपली. सरांनी फळ्यापाशी बोलावले. खडू उचलण्याआधी तिने विचारले, "सर, गरज कोणाची बदलली?" आणि मग एकच रेघ हलवली. हसला होता त्याच वर्गाला समजावून सांगायला सरांनी तिलाच उभे केले. समोर जे दिसते त्याच्या तळाशी कोणीतरी माणूस असतो, हे ज्याला उमगले त्याला शास्त्राचे भय उरत नाही.

मुलीचा फोन ठेवून निवृत्ती तडक आबांच्या अंगणात आला. त्याने हात पुढे केला. जन्माच्या सवयीने आबांचा हात खांद्यावरच्या उपरण्याकडे गेला. निवृत्तीने तो मध्येच धरला, दोन्ही हातांत घट्ट घेतला आणि म्हणाला, "आज रुमाल नको, आबा. हा भाव सगळ्या गावाला कळू दे."