लाभानंतर दोन

एकदा एका पेठेच्या गावी एक धान्याचा व्यापारी राहत होता. माणूस सज्जन. दारी आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही, हा त्याचा नेम. पुढचा सगळा घोटाळा याच सज्जनपणातून झाला, म्हणून ते आधीच सांगून ठेवतो.

गावाच्या वेशीबाहेर एका वृद्ध आचार्यांचा मठ होता. तिथे शास्त्रांचं अध्ययन चाले, आणि एका ओसरीवर निराळाच वर्ग भरे. ज्यांच्या बुद्धीची चाल जन्मतःच संथ आहे अशी दहाबारा मोठी माणसं रोज तिथे येत. आचार्यांचा एक शिष्य त्यांना शिकवी. मोजणं, निवडणं, वेळेवर येणं, वस्तू जागच्या जागी ठेवणं. शिष्य तळमळीचा होता. एकच गोष्ट शंभरदा सांगावी लागली तरी त्याचा आवाज चढत नसे.

या वर्गात भिवरा नावाची तिशीतली एक बाई होती. या गोष्टीत बाकी कुणाला नाव नाही. आचार्य, शिष्य, व्यापारी यांना लोक त्यांच्या कामावरून ओळखतात, त्यांचं नावावाचून अडत नाही. भिवरेला मात्र जो तो ‘ती बिचारी’ म्हणे, म्हणून तिचं नाव मुद्दाम सांगतो.

भिवरेला एखादी गोष्ट शिकायला इतरांच्या दसपट वेळ लागे. पण शिकली की ती काळ्या दगडावरची रेघ. बारा वर्षं ती मठात येत होती. रोज सकाळी तिची आई तिला सोडायला येई. आई थकली होती, डोळ्यांनी अधू होत चालली होती, आणि भेटेल त्याला एकच विचारी, “मी आहे तोवर ठीक आहे. माझ्यामागे हिचं कसं व्हायचं?” लोक म्हणत, देव आहे. आईला ते पटत नसे. देव तर सगळ्यांनाच आहे, तरी लोक कामधंदा करतातच ना, असं ती म्हणे. तिचं काय चुकलं, सांगा.

एक दिवस आचार्यांनी शिष्याला विचारलं, “भिवरा अजून इथेच?”

“तयारी चालली आहे, गुरुजी. शंभरापर्यंत न चुकता मोजते. पण बाहेर धाडण्याइतकी पक्की नाही झाली.”

“बारा वर्षांत नाही?”

“जग कठोर आहे, गुरुजी. आणखी वर्ष-दोन वर्षं द्या.”

“अरे, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. तू तिला बारा वर्षं काठावर हातपाय हलवायला लावतो आहेस,” आचार्य म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी भिवरेला घेऊन ते व्यापाऱ्याच्या दुकानी गेले. सुगी तोंडावर आली होती. व्यापाऱ्याला धान्य मोजून द्यायला एक मापाडी हवाच होता.

“शेठ, हिला मापाला बसवा,” आचार्य म्हणाले.

व्यापाऱ्याला गहिवरून आलं. “आपला शब्द म्हणजे आज्ञा. पोरीला काही कमी पडू देणार नाही.”

तिशीच्या बाईला तो पोर म्हणाला, हे आचार्यांच्या कानाला खटकलं.

आता या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. पायली म्हणजे चार शेरांचं माप. मापाडी ती भरतो, हातानं सपाट करतो, ओततो आणि मोठ्यानं मोजतो. पण पहिल्या पायलीला तो ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. शुभशकुन म्हणून वाडवडिलांपासून चालत आलेलं. पेठेत वाढलेल्याला हे कुणी शिकवत नाही, ते ऐकूनच येतं.

भिवरेनं पहिल्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या मापाड्याचं ऐकलं. मोजणीच्या आधी लाभ म्हणतात, असं तिला वाटलं. देवाचं नाव घेतात ना, तसं. तिनं पायली भरली, ओतली, म्हणाली, “लाभ.” दुसरी ओतली आणि म्हणाली, “एक.” बारा वर्षांची शिकवण होती, मोजायला लागायचं ते एकापासून. ती शिकवण तिनं अजिबात सोडली नाही.

पंधरा दिवसांनी शिष्य तिला बघायला पेठेत गेला आणि हरखून परत आला.

“गुरुजी, माझी भीती खोटी ठरली! दुकानात तीन मापाडी आहेत, पण गर्दी भिवरेपुढे. लोकांचा केवढा जीव तिच्यावर! काही काही बाया तर एकच पायली घेतात आणि पुन्हा तिच्याच रांगेत मागे जाऊन उभ्या राहतात.”

आचार्यांच्या कपाळाला आठी पडली. “पुन्हा मागे जाऊन?”

दुसऱ्या दिवशी ते स्वतः गेले. तासभर रांगेत उभे राहिले. त्यांच्या ध्यानात आलं की इतर मापाड्यांपुढे टपोऱ्या दाण्याचे ढीग आहेत आणि भिवरेपुढे किडकी, खड्यांची ज्वारी आहे. त्यांनी पाच पायल्या मागितल्या. तिनं मन लावून मोजल्या. मठात आल्यावर त्यांनी शिष्याकडून माप घेववलं. सहा भरल्या.

शिष्याचा चेहरा उतरला. गर्दी कशासाठी होती, ते त्याला आता उमगलं. एक मागावी आणि दोन मिळाव्यात, अशी रांग कुणाला आवडणार नाही?

सकाळी आचार्यांनी जास्तीची पायली धोतराच्या पानात बांधली आणि गाठोडं खांद्यावर घेतलं. शिष्य आडवा आला.

“गुरुजी, नका जाऊ. शेठना ठाऊक असणार, आणि ते सांभाळून घेताहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण चारचौघांत हे बोललात तर तिचं काम जाईल. या पंधरा दिवसांत कुठे तिच्या आईनं सुखानं दोन घास खाल्लेत हो.”

“गाठोडं धरायला हात लाव,” आचार्य म्हणाले, “नाहीतर बाजूला हो.”

शिष्यानं गाठोड्याला हात लावला. दुकान माणसांनी भरलं होतं. आचार्य व्यापाऱ्याकडे गेले नाहीत. ते थेट भिवरेपुढे जाऊन उभे राहिले आणि तिच्याशीच बोलले. “भिवराबाई, काल तुम्ही मला एक पायली जास्त दिलीत. ती परत आणली आहे.”

भिवरेनं मान हलवली. “नाही. पाच दिल्या. मी मोजल्या. लाभ, एक, दोन, तीन, चार, पाच.”

रांगेतल्या दोघीतिघींनी माना खाली घातल्या. व्यापारी गादीवरून लगबगीनं उठून आला आणि हळू आवाजात म्हणाला, “असू द्या, गुरुजी. आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. हलकं धान्य ठेवलंय तिच्यापुढे. चार घरी जास्त गेलं तर तेवढाच धर्म.”

भिवरेचे कान तिखट होते. ती उठून उभी राहिली.

“माझं चुकत होतं?”

व्यापारी गादीकडे बघू लागला.

“पहिल्या दिवसापासून चुकत होतं? मग सांगितलं का नाही?” तिनं म्हाताऱ्या मापाड्याकडे बोट दाखवलं. “ते तात्या चुकले तर तुम्ही ओरडता. मला का नाही सांगितलं?”

भिवरेनं पायली पालथी ठेवली आणि पदरात तोंड घालून ती रडायला लागली. शिष्य पुढे झाला, पण आचार्यांनी त्याचा हात धरून त्याला थांबवलं.

बोलला तो म्हातारा मापाडी. हातातलं काम न सोडता म्हणाला, “अगं, लाभ म्हणजेच एक. त्याच्या पुढं दोन यायचं.”

भिवरेनं डोळे पुसले. “मग एक का म्हणत नाहीत?”

“रीत आहे तशी.”

“एक म्हटलं तर काय होतं?”

म्हातारा विचारात पडला. “ते मलाही नाही माहीत,” तो म्हणाला, आणि दुकानात हसू पिकलं. त्या हसण्यात भिवराही होती.

मग आचार्य व्यापाऱ्याकडे वळले. “शेठ, हिला तुम्ही रोज काय देता?”

“खाऊला म्हणून देतो काहीतरी. आईच्या हातात ठेवतो.”

“आजपासून ती अचूक मोजेपर्यंत हा माझा शिष्य इथे तिच्या शेजारी बसेल. त्याचा भार तुमच्यावर नाही. ती बरोबर मोजायला लागली की तिच्यापुढे इतरांसारखंच धान्य ठेवा आणि इतरांना जी मजुरी देता तीच तिच्या हातात द्या. चुकली तर बोला. महिन्याभरात जमलं नाही, तर तिला तसं तोंडावर सांगून काढून टाका.”

“काढून टाकू?” व्यापारी दचकला. “ते पाप मी कसं करू, गुरुजी?”

“ज्याला काढता येत नाही, त्याला तुम्ही कामावर ठेवलेलंच नसतं, शेठ.”

परतताना शिष्याला राहवलं नाही. “गुरुजी, क्षमा करा. पण आज आपण तिला भर दुकानात रडवलंत. शेठ तर दया करत होते. दया वाईट का?”

आचार्य वडाच्या पारावर टेकले. म्हणाले, “पाळण्यातल्या मुलाला कुणी म्हणत नाही की तू चुकलास. देव्हाऱ्यातल्या मूर्तीलाही म्हणत नाही. मधली आपण सगळी माणसं चुका ऐकत ऐकतच कामाची होतो. तू झालास, मी झालो. माझे गुरू तर मला फार बोलत. शेठनं दया केली, पण तिला पाळण्यात बसवलं. उद्या शेठ नसले तर त्यांचा मुलगा तो पाळणा हलवीलच, असं नाही. मग तिच्या आईच्या प्रश्नाला आपण काय उत्तर देणार?”

शिष्य पाराच्या कडेला बसला.

“आणि तुझंही सांगतो. तू तिला एकापासून मोजायला शिकवलंस, त्यात वावगं काही नाही. पण पेठेत पहिल्या मापाला लाभ म्हणतात, हे मठाच्या ओसरीवर बसून तुला तरी कुठे ठाऊक होतं? काही गोष्टी जिथे करायच्या तिथेच शिकाव्या लागतात. तिथे शिकवायला तू उद्यापासून जा.”

शिष्य गेला. पहिले तीन दिवस भिवरा लाभ म्हणाली की तिची जीभ आपसूक एकावर जाई. व्यापारी गादीवरून ओरडे, “भिवरा, लाभानंतर दोन!” पहिल्यांदा ओरडताना त्याचाच आवाज चिरकला, पुढे सवय झाली. चौथ्या दिवशी म्हाताऱ्या मापाड्यानं युक्ती सांगितली. गिऱ्हाईक मागेल तितके चिंचोके आधी काढून ठेवायचे आणि पायली ओतली की एक सरकवायचा. चिंचोके संपले की थांबायचं, मग तोंडानं काहीही म्हणा. शिष्याला आपल्या बारा वर्षांत हे सुचलं नव्हतं, आणि त्यानं ते तिथेच कबूल केलं. अकराव्या दिवशी भिवरेची सगळी मापं बरोबर आली. तिच्यापुढची गर्दी अर्थातच ओसरली. तिच्यावर जीव टाकणाऱ्या बाया आता जी रांग छोटी दिसेल तिथे उभ्या राहू लागल्या.

महिना सरला. व्यापाऱ्यानं मजुरी तिच्या हातात दिली आणि काढून टाकण्याचा विषय कुणी काढला नाही. शिष्य आठवड्यातून एकदाच डोकावू लागला. एकदा तो घाबराघुबरा होऊन मठात आला. सांगू लागला की चांगल्या कडीची पायली कुणी घ्यायची, यावरून भिवरेचं आणि तिसऱ्या मापाड्याचं कडाक्याचं भांडण झालं. आचार्यांनी विचारलं, “पायली कुणाला मिळाली?” शिष्य म्हणाला, “त्याला.” “बरं,” असं म्हणून आचार्य पोथीकडे वळले.

पावसाळा आला आणि भिवरेच्या आईनं अंथरूण धरलं. ताप उतरेना. शिष्य सकाळीच काढा घेऊन गेला, तेव्हा भिवरा आईच्या उशाशी बसून होती. कामाला गेली नव्हती. दुकानात तसं कळवायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि शिष्याच्याही मनात आलं नव्हतं.

दिवस हातभर वर आला असेल. दारात व्यापाऱ्याचा हमाल उभा राहिला, भिजलेला, धापा टाकत.

“भिवराबाई आहेत का? शेठ तापलेत. दोन गाड्या दारात उभ्या आहेत, धान्य भिजायला आलंय, आणि मापाला माणूस कमी. येणार नव्हता तर सांगायचं नाही का?”

शिष्य रागानं उठला. घरात आजारी माणूस, आणि ही काय बोलायची रीत? तो काही बोलणार, तेवढ्यात अंथरुणातून आईनं विचारलं, “कुणाला बोलवायला आलाय तो?”

“भिवरेला,” शिष्य म्हणाला.

“हिच्यावाचून अडलंय?”

“अडलंय हो, आजी,” हमाल वैतागून म्हणाला. “म्हणून तर पळत आलो.”

आईनं लेकीच्या गुडघ्यावर थोपटलं. “जा गं. वाट बघताहेत. मला काही होत नाही.”

भिवरेनं पदर खोचला, शिष्याला काढ्याची वेळ बजावली, दोनदा बजावली, आणि ती हमालाच्या पुढे चालू लागली.

शिष्य आईपाशी बसून राहिला. त्याचा राग केव्हाच गेला होता. ठरल्या वेळी त्यानं काढा दिला. ज्या प्रश्नानं त्या माउलीनं गाव पिडलं होतं, तो तिनं त्या दिवशी विचारला नाही, आणि त्यानंतरही कधी विचारला नाही.

आपल्या दुकानात, कचेरीत, कारखान्यात भिवरेसारख्या कुणाला घ्यायचा विचार असेल तर जरूर घ्या, आणि पहिली चूक होईल त्याच दिवशी ती सांगा.